डावखुऱ्या मुलीच्या खटल्यात चिंपांझीची साक्ष

मागच्या जूनमध्ये, शाळा उघडून आठवडाही झाला नव्हता, तोच आमच्या पुतण्याच्या सहा वर्षांच्या मुलीवरून पालकसभेत चांगलीच जुंपली. मुलगी डाव्या हाताने लिहिते. बाईंचे म्हणणे असे की, आताच वळण लावले नाही तर पुढे अवघड जाईल. त्यावर मागच्या बाकावरचे एक आजोबा उठून म्हणाले, “जनावराला कुठं आलाय उजवा-डावा? माकड बघा की, गावंल त्या हातानं खातंय. हे सगळं वळणाचं आहे बाई, लावाल तसं लागतंय.” त्यांना उत्तर द्यायला एक तरुण पालक मोबाइल हातात धरूनच उभे राहिले. चिंपांझीसुद्धा उजवे-डावे असतात असे संशोधन झाले आहे, डावखुरी मुले ‘उजव्या मेंदूची’ म्हणून जन्मतःच कल्पक असतात, आणि अशा मुलांचा मेंदू ‘जागा’ करणारा वर्ग लातुरात निघाला आहे, असे तीन मुद्दे त्यांनी एका दमात सांगितले. टाळ्या दोघांनाही पडल्या. मी तीसएक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले असल्यामुळे सभा संपल्यावर दोघांनीही मला आपापल्या बाजूला ओढून पाहिले, आणि मी कोणाकडेच गेलो नाही याचे दोघांनाही वाईट वाटले. तेव्हा उभ्या-उभ्या जे सांगता आले नाही ते आता लिहितो.

माझी भूमिका आधीच स्पष्ट करतो. मुलीचा हात बदलू नये, या मताचा मी आहे. पण त्यासाठी जी कारणे दिली जात आहेत ती बहुतेक लंगडी आहेत, आणि लंगड्या कारणावर जिंकलेला वाद पुढच्याच सभेत हातचा जातो. चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरँगउटान या चार महाकपींच्या हातांचा गेल्या चाळीसेक वर्षांत जो अभ्यास झाला, त्यातून निघणारी गोष्ट दोन्ही पक्षांना वाटते त्याहून वेगळी आहे. एकेका प्राण्याला स्वतःचा असा एक चालता हात असणे, ही फार जुनी गोष्ट आहे. अख्ख्या जातीचा चालता हात एकच असणे, दहांतल्या नऊ जणांचा उजवाच असणे, ही मात्र माणसाची एकट्याची नवलाई आहे. मग खुलासा मागायचा कोणाकडे? त्या दहाव्याकडे, की नऊ जणांकडे?

आजोबांचे निरीक्षण खोटे नव्हते, हे आधी कबूल केले पाहिजे. वेरूळला कैलास लेण्याबाहेर मी एकदा तास-दीड तास बसून एका वानरिणीचे हात मोजले होते. पर्यटकांच्या पुड्यांतून सांडलेले फुटाणे ती वेचत होती आणि मी वहीत उभ्या रेघा ओढत होतो. पिल्लू डाव्या काखेत असले की उजवा हात पुढे येई, उजव्या हाताने कठडा धरलेला असला की डावा. बाकीच्या वेळी फुटाणा ज्या अंगाला पडला असेल त्या अंगाचा हात. दोन्ही रकाने जवळजवळ सारखे भरले आणि वही कामाची निघाली नाही. पण यातून वानरिणीला उजवा-डावा नसतो असे ठरते का? चिंचेखाली चिंचोके वेचणारे आपण तरी वेगळे काय करतो? हाताला सहज लागेल ते उचलण्याच्या कामात हाताची आवड दिसतच नाही, कारण त्या कामाला कसब लागत नाही. शिवाय वेरूळची काळतोंडी वानरे ही शेपटीवाली माकडे. आपल्या भाषेत वानर, माकड, मर्कट यांची सरमिसळ चालते आणि चिंपांझीलाही आपण त्यातच ढकलतो. पण चिंपांझी बिनशेपटीच्या कपींतला, आणि सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आपला आणि त्याचा पूर्वज एकच होता. साक्ष काढायची तर त्याची काढली पाहिजे.

हात ओळखायचा तर दोन्ही हात एकाच वेळी गुंततील, पण दोघांची कामे वेगळी असतील, असे काम द्यावे लागते. अरुंद तोंडाच्या बरणीतून तळाची लोणच्याची फोड काढताना एक हात बरणी तिरपी धरतो आणि दुसऱ्याची बोटे आत शिरतात. यातला कामकरी हात कोणता, हे पाहणाऱ्याला लगेच कळते. अमेरिकेत अटलांटा येथील यर्किस या कपी-माकडांच्या संशोधन केंद्रात विल्यम हॉपकिन्स या अभ्यासकांनी हीच युक्ती वापरली. प्लॅस्टिकच्या नळीत आतल्या बाजूला शेंगदाण्याचे लोणी माखायचे आणि नळी पिंजऱ्यात द्यायची. प्राणी एका हाताने नळी धरतो आणि दुसऱ्या हाताचे बोट आत घालून लोणी कोरून खातो. २०११ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ७७७ महाकपींचा हिशेब मांडला. त्यात ५३६ चिंपांझी, ११८ बोनोबो, ७६ गोरिला आणि ४७ ओरँगउटान होते. पहिल्या तिघांचा कल उजवीकडे निघाला. चिंपांझींत ढोबळमानाने दोन उजव्यांमागे एक डावा असे प्रमाण पडते. ओरँगउटान मात्र डावीकडे झुकलेले निघाले. ‘जनावराला उजवा-डावा नसतो’ हे विधान एवढ्याने निकालात निघते, पण मोबाइलवाल्या पालकांचे समाधान व्हावे इतके हे प्रकरण सरळ नाही.

कारण यावर एक जबरदस्त आक्षेप आहे, आणि तो शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावा लागत नाही. जुवाच्या उजव्या अंगाला चालायची सवय झालेला बैल डावीकडे जुंपला तर अडतो, तास वाकडे काढतो. म्हणून तो बैल ‘उजवा’ जन्मला असे कोणी म्हणत नाही. त्याला उजवीकडे जुंपून-जुंपून तसा केलेला असतो. पिंजऱ्यातल्या चिंपांझीचे तसेच नसेल कशावरून? त्यांना खायला देणारे, खेळवणारे, नळी हातात देणारे लोक दहांत नऊ उजवे. विल्यम मॅक्ग्रू आणि लिंडा मर्चंट यांनी टांझानियातील गोंबे येथील रानटी चिंपांझींची रोजची कामे पाहिली. खाणे, खाजवणे, फांदी ओढणे यांत त्यांना कळपाचा म्हणून असा कल दिसला नाही. म्हणजे उजवेपणा हा पिंजऱ्याने लावलेला गुण आहे, असे म्हणायला जागा होते, आणि ज्यांनी तसे म्हटले ते काही लेचेपेचे अभ्यासक नव्हते.

तरीही तो आक्षेप पूर्ण टिकत नाही. हॉपकिन्स यांनी आईजवळ वाढलेली आणि माणसांच्या हातावर वाढलेली चिंपांझी वेगळी काढून पाहिली, तर दोघांच्या उजवेपणात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. दुसरे कारण मला अधिक पटते. ओरँगउटानही अशाच पिंजऱ्यांत, अशाच उजव्या हातांच्या देखभालीखाली राहतात. राखणदाराचे पाहून हात ठरत असता, तर ते डावीकडे कसे गेले असते? ४७ ही संख्या लहान आहे हे खरे, पण अनुकरणाच्या सिद्धांताला त्यांच्याकडे बघून उत्तर द्यावेच लागते. आणि रानातली साक्षही एकरंगी नाही. पश्चिम आफ्रिकेतील ताई नावाच्या जंगलात दगडाने कठीण कवचाची फळे फोडणारी चिंपांझी एकच हात धरून राहतात. कोणी कायम उजवा, कोणी कायम डावा. गोंबेला वारुळात काडी घालून वाळवी ओढून काढण्याच्या कामात मात्र २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कळपाचा कल चक्क डावीकडे निघाला. म्हणजे काम बदलले की हात बदलतो, आणि काम अवघड झाले की हात पक्का होतो. यात नवल वाटायचे कारण नाही. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितात आणि उजव्या हाताने खेळले. सौरव गांगुलींची फलंदाजी डावखुरी आणि गोलंदाजी उजव्या हाताची. ‘हा डावखुरा, तो उजवा’ असे एका शब्दाचे लेबल माणसालाही नीट बसत नाही, तिथे चिंपांझीला कसे बसेल?

या सगळ्या वादावर २०२२ साली एका मोठ्या अभ्यासाने बराच प्रकाश टाकला. माकडे, कपी आणि माणूस मिळून ३८ जातींच्या १,७८६ जणांवर नळीसारखेच एक ठरावीक काम लावून पाहिले गेले. निष्कर्ष असा की, एकेकट्या प्राण्याची हाताची आवड पुष्कळ जातींत स्पष्ट दिसते, झाडावर राहणाऱ्यांत जमिनीवरच्यांपेक्षा जास्त दिसते. पण संपूर्ण जातीचा एकच कल असणे दुर्मीळ आहे, आणि माणसाइतके टोक तर कोणीच गाठत नाही. हॉपकिन्स यांचे दोनास एक आणि आपले नवास एक, यांतले अंतर लहान नाही. चिंपांझीच्या कळपात डावखुरे पिल्लू जन्मले तर ते तिघांतले एक असते, त्याच्याकडे कोणी वळून पाहणार नाही. आपल्याकडे ते दहांतले एक ठरते आणि त्याच्यावर पालकसभा भरते. आजोबा म्हणतात तसे हे सगळे वळणाचे नाही, आणि तरुण पालक म्हणतात तसे चिंपांझीने डावखुऱ्यांना प्रशस्तिपत्रही दिलेले नाही. हातांचे वेगवेगळेपण हा आपल्याला मिळालेला जुना वारसा आहे. त्यातले एकसारखेपण नंतर आले.

ते का आले, यावर तर्क पुष्कळ आहेत. कोणी हत्यारे म्हणते, कोणी खाणाखुणा, कोणी भाषा, कोणी नेम धरून फेकणे. कधी आले, याची थोडी खूण सापडते. निअँडरथल माणूस, म्हणजे आपल्या भाऊबंदांतली एक नामशेष झालेली मानवजात, मांसाचा किंवा कातड्याचा तुकडा पुढच्या दातांत धरून, एका हाताने ताणून, दुसऱ्या हातातल्या दगडी पात्याने कापत असे, आणि पाते चुकून दातांवर घासे. त्या ओरखड्यांचा तिरपेपणा पाहून हात ओळखता येतो, आणि बहुतेक ओरखडे उजव्या हाताचे आहेत. म्हणजे पाटी-पेन्सिल, प्रसाद आणि पंगत यांच्या लाखभर वर्षे आधीच बहुमत उजव्यांचे झाले होते. वळणवाद्यांनी या दातांकडे जरूर बघावे. अर्थात त्या तोंडांतही काही ओरखडे उलट्या दिशेचे आहेत, म्हणजे डावखुरेही तेव्हापासून आहेतच.

आता मेंदूकडे येतो, कारण खरा गोंधळ तिथे आहे आणि पैसाही तिथेच आहे. पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ साली ‘टॅन’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला आणि डाव्या अर्ध्या भागात, कपाळामागे, इजा दाखवली. पुढे चार वर्षांत अशी उदाहरणे जमवून त्यांनी सांगितले की, आपण मेंदूच्या डाव्या अर्ध्याने बोलतो. शरीराची उजवी बाजू मेंदूचा डावा अर्धा चालवतो. तेव्हा बोलणे डावीकडे, उजवा हातही डावीकडून, म्हणून दोन्ही एकाच कारणाने आले, असे समीकरण मांडायला वेळ लागला नाही. ते इतके देखणे आहे की शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत बसून राहिले. १९६८ साली माणसाच्या १०० मेंदूंपैकी ६५ मध्ये भाषेशी निगडित असा कानामागचा एक भाग डावीकडे मोठा आढळला, तेव्हा तर ते शाबीत झाल्यासारखेच वाटले.

मग १९९८ साली पॅट्रिक गॅनन आणि सहकाऱ्यांनी चिंपांझीचे १८ मेंदू मोजले. तोच भाग १७ मेंदूंत डावीकडे मोठा निघाला. न बोलणाऱ्या प्राण्यात हा ‘भाषेचा’ भाग माणसापेक्षाही जास्त ठळकपणे डावीकडे झुकलेला! काहींनी यातून चिंपांझीत भाषेची बीजे शोधली. पण अलीकडे बबून माकडांच्या नवजात पिल्लांतही तसाच कल दिसला आहे, आणि बबूनमध्ये भाषेचे बीज शोधायचे तर मग आपल्या गोठ्यापर्यंत यावे लागेल. सरळ अर्थ असा की, मेंदूचे दोन अर्धे सारखे नसणे ही भाषेच्या कितीतरी आधीची व्यवस्था आहे. कोंबडीचे पिल्लू अंड्यात अशा रीतीने वळलेले असते की त्याच्या उजव्या डोळ्यावर कवचातून उजेड पडतो आणि डावा डोळा अंगाखाली झाकलेला राहतो. बाहेर आल्यावर ते दाणे आणि खडे यांतला फरक उजव्या डोळ्याने अधिक चांगला ओळखते. एका अर्ध्याने दाणे टिपावेत आणि दुसऱ्याने घारीवर लक्ष ठेवावे, अशी ही कामाची वाटणी आहे. आपण तिच्यावर नंतर भाषा आणून बसवली.

आणि हात व भाषा यांची गाठ तरी किती घट्ट आहे? मेंदूच्या शस्त्रक्रियेआधी एकेक अर्धा थोडा वेळ बधिर करून घेतलेल्या जुन्या चाचण्यांत उजव्या हाताच्या ९६ टक्के लोकांची भाषा डावीकडे आढळली. डावखुऱ्यांची? आरशातल्यासारखी उलट निघायला हवी होती. निघाले असे की ७० टक्के डावखुऱ्यांचीही भाषा डावीकडेच होती. म्हणजे आमच्या पुतण्याची मुलगी डाव्या हाताने लिहीत असली, तरी बोलते बहुधा तिच्या बाईंच्याच बाजूने. डावखुरे मूल ‘उजव्या मेंदूचे’ असते, हा दावा इथेच कोसळतो. रॉजर स्पेरी यांना १९८१ साली नोबेल मिळाले ते मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पूल शस्त्रक्रियेने कापलेल्या रुग्णांवरील कामाबद्दल. आपल्या मुलांचा पूल शाबूत आहे. अमेरिकेतील युटा विद्यापीठात २०१३ साली हजाराहून अधिक लोकांच्या मेंदूंची चित्रे तपासली, तेव्हा कोणी ‘डाव्या मेंदूचा’ आणि कोणी ‘उजव्या मेंदूचा’ अशी माणसांची विभागणी दिसली नाही. कामे वाटलेली आहेत. माणसे वाटलेली नाहीत. तेव्हा दोन्ही हातांनी एकदम लिहायला शिकवून ‘सुप्त मेंदू’ जागा करणारे जे वर्ग आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत हजारो रुपये घेत आहेत, ते नेमके काय विकतात? माझ्या मते ते आईबापांची काळजी विकत घेतात आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलाचा खेळ दाखवून तीच त्यांना परत विकतात. एका वेळी एका अर्ध्याने एक काम करावे ही लाखो वर्षांची सोय मोडून दोन्ही हात सारखे करण्यात कोणता लाभ आहे, हे त्यांच्यापैकी कोणी अजून मला सांगितलेले नाही.

आता आजोबांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे वळतो. वळण लागते, हे खरे आहे. अमेरिकेत १९८६ साली एका मासिकाने वाचकांकडून भरून घेतलेल्या दहा लाखांहून जास्त उत्तरांवरून दिसले की, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांत डाव्या हाताने लिहिणारे तीन-चार टक्के होते आणि शतकाच्या मध्यानंतर जन्मलेल्यांत ते बारा टक्क्यांच्या आसपास गेले. माणसे बदलली नाहीत, छडी बदलली. याच आकड्यांनी काही विद्वानांना कसे चकवले तेही सांगण्यासारखे आहे. १९९१ साली कॅलिफोर्नियातील सुमारे हजार मृतांचे हात त्यांच्या नातेवाइकांना विचारून दोन मानसशास्त्रज्ञांनी जाहीर केले की, डावखुरे सरासरी नऊ वर्षे लवकर मरतात. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. पण म्हाताऱ्या पिढीचे डावे हात लहानपणीच बदलले गेले होते, म्हणून म्हाताऱ्या मृतांत डावखुरे सापडणारच कमी. उद्या कोणी आपल्याकडच्या मृत्यूंच्या नोंदी काढून म्हणेल की, निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले लोक नव्वदीत वारतात आणि इंग्रजी माध्यमात शिकलेले तिशीत, सबब इंग्रजी माध्यम जिवाला घातक. तर त्यात आणि यात फरक नाही.

पण वळण कशाला लागते? आमचे थोरले काका १९४८ च्या आधी निजामाच्या राज्यातल्या एका उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकले. ते डावखुरे होते. मास्तरांनी डाव्या हाताच्या बोटांत पेन्सिल घालून बोटे आवळली, आणि महिन्याभरात काका उजव्या हाताने अलीफ-बे काढू लागले. पुढे सारी हयात त्यांनी सह्या उजव्या हाताने केल्या. पण विळा डाव्या हातात, गोफण डाव्या हातात. बाजारात कापणीचे विळे मिळत ते उजव्या हाताच्या बेताने दात पाडलेले. काका लोहाराकडून उलट्या अंगाने दात पाडून घेत आणि तो विळा घरातल्या दुसऱ्या कोणालाही चालत नसे. पेरणीला तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायची ती उजव्याच हाताची, असा आमच्या आजोबांचा, म्हणजे काकांच्या वडिलांचा, दंडक होता. आजोबा बांधाकडे वळले की काका मूठ बदलत, आणि आठ दिवसांनी उगवण झाली की तासातली कोणती लांबी काकांच्या डाव्या हाताची आहे हे आजीला ओळखू येई. तिथे दाणा सारखा पडलेला असे. छडीने बदलले ते फक्त मास्तरांच्या नजरेसमोरचे काम. लहानपणी हात बदलून घेतलेल्या प्रौढांना लिहायला लावून मेंदूची चित्रे घेतली, तर उजव्या हाताने लिहीत असतानाही त्यांच्या मेंदूचा उजवा अर्धा स्वस्थ बसत नाही, असे जर्मनीतील अभ्यासांत दिसले आहे. काकांच्या बाबतीत चित्र काढायची गरज नव्हती.

काकांच्या त्या शाळेवरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आज बाई सांगतात की, डाव्या हाताने लिहिले तर अक्षरावरून हात फिरतो आणि शाई पुसते. देवनागरीला हे लागू आहे, आणि अडचण खरी आहे. पण उर्दू लिहितात उजवीकडून डावीकडे. तिथे हात अक्षरावरून फिरतो तो उजव्यांचा. डावखुऱ्याची पाटी स्वच्छ राहते. कारण खरोखर शाई पुसण्याचे असते, तर काकांच्या वर्गातल्या बाकी सगळ्या मुलांचा हात बदलायला हवा होता. कोणी म्हणेल, उर्दूच्या बोरूचे तोंड तिरपे कापतात ते उजव्या हाताच्या बेताने. मान्य. पण काका पाटीवर पेन्सिलीने लिहीत होते. दोन उलट्या दिशेच्या लिप्या, दोन धर्मांचे मास्तर, आणि मार मात्र एकाच हाताला! कारण लिपीत नव्हते, हे यापेक्षा चांगले कोण सांगणार?

ते रिवाजात होते, आणि रिवाजाची बाजूही ऐकली पाहिजे. आपली भाषाच उजवीकडे कललेली आहे. देवाचा कौल उजवा मिळावा लागतो, मुलगी उजवली जाते, नको असलेल्याला डावलले जाते. डाव्याच्या वाट्याला जेवणानंतरची वामकुक्षी तेवढी आली. एक हात ताटासाठी आणि दुसरा स्वच्छतेसाठी, ही वाटणी नळ आणि साबण नसलेल्या काळात शहाणपणाची होती, आणि तिला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून हसणाऱ्यांशी माझे जमत नाही. शिवाय एखादी गोष्ट निसर्गात आहे म्हणून ती योग्य ठरते, असेही मी म्हणणार नाही. चिंपांझी दुसऱ्या टोळीतली पिल्ले मारून खातात. तो धडा कोणी घेऊ नये. म्हणून मुलीला प्रसाद उजव्या हाताने घ्यायला शिकवले तर माझी हरकत नाही. ते दिवसातून एकदा, क्षणभराचे काम आहे, आणि त्याला कसब लागत नाही. वेरूळची वानरीणही ते कोणत्याही हाताने करते. लिहिणे तसे नाही. ते रोज तासन्‌तास करायचे, बारीक कसबाचे काम आहे. नळीतले लोणी काढताना चिंपांझी आपला पक्का हात पुढे करतो, तो अशाच कामात. तिथे हात बदलायला लावणे म्हणजे मुलीने दोन वर्षे अक्षराच्या वळणाशी झगडावे आणि तेवढ्यात बाकीच्या वर्गाने वाचायला लागावे.

हात जन्माआधीच किती ठरलेला असतो, याची एक नोंद इथे पुरे. बेलफास्टमध्ये पोटातल्या ७५ बाळांची सोनोग्राफी करताना कोणता अंगठा चोखतात ते टिपले गेले आणि पुढे शाळेच्या वयात त्यांचे हात तपासले. उजवा अंगठा चोखणारी ६०, ती साठही उजवी निघाली. डावा चोखणारी १५, त्यांतली १० डावखुरी राहिली आणि ५ उजवी झाली. म्हणजे गर्भातही कौल पक्का नसतो, पण पडायला सुरुवात झालेली असते, आणि त्या पाच जणांना कोणी छडी दाखवली असे मला वाटत नाही. १७ लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांची छाननी करूनही डावखुरेपणाशी जोडलेल्या ४१ जागा मिळाल्या, एकही एकटी निर्णायक नाही. ‘तुमच्या घराण्यात कोण डावखुरे?’ असे सुनेला विचारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

सभेनंतर बाईंनी मुलीला बाकाच्या डाव्या टोकाला बसवले. आता तिचे कोपर शेजारणीला लागत नाही, वही थोडी उजवीकडे कलती ठेवली की अक्षरही पुसत नाही. याला पैसा लागला नाही. पैसा लागेल तो पुढे. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत ती आणखी दहा वर्षांनी जाईल, तेव्हा तिला ज्या खुर्चीवर रोज सहा-सहा तास बसून वैद्यकीय प्रवेशाचे प्रश्न सोडवायचे आहेत, तिची लिहायची फळी उजव्या दांडीला असते. शंभरांतली दहा मुले त्या खुर्च्यांत कंबरेतून पिळवटून, उजव्या फळीवर डावे कोपर टेकवून लिहिताना मी पाहतो, आणि त्यांच्या मेंदूबद्दल भाषणे देणाऱ्यांपैकी कोणी त्या फळीबद्दल बोलत नाही. आमच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याला मी विचारले. फळीचा लोखंडी हात कापून पलीकडच्या दांडीला जोडायचा, अर्ध्या तासाचे काम आहे, असे तो म्हणाला. आजवर कोणी करून मात्र घेतले नाही.